न फोडलेले दगड

१२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

दगड जिवंत असेल तर तो कुणाचा? हा प्रश्न आज साहेबांनी मला विचारला. आमच्या विज्ञान केंद्रात आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद होते, मग ती खुर्ची असो नाहीतर देवमाशाचा सांगाडा. त्या नोंदीत 'मालक' असा एक रकाना असतो. साहेब पेन उघडून बसले होते. मी म्हटलं, समुद्राचा. ते म्हणाले, मग समुद्राची सही घेऊन या. शेजारी बसलेला कारकून खो खो हसला. मी अजून विचार करतेय.

तर तुझी खोकी पोचली. थर्माकोलची झाकणं काढली आणि सगळ्या व्हरांड्यात असा वास पसरला की तिकीट खिडकीवरच्या बाई नाकाला रुमाल लावून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. एकेक दगड ओल्या वर्तमानपत्रातून सोडवला. घमेल्याचं गोल बूड अजून ओळखू येतंय, मध्ये पाइपचं भोकसुद्धा तसंच आहे, आणि बाकी सगळीकडे जांभळी साय धरली आहे. एका भोकात शर्टाच्या बटणाएवढा खेकडा होता. मला बघून आत गेला. अगदी तुझ्यासारखा, पाहुणे आले की मागच्या दाराने पसार.

आठवतंय ना? माझा निकाल लागल्यावर मी घरी आले होते, आणि तू, मी आणि वहिनी अंगणात बसून सिमेंट, वाळू आणि शिंपल्यांचा चुरा कालवत होतो. घमेल्यात मध्ये पाइपचा तुकडा उभा करून ओतायचं, वाळवायचं, धुवायचं आणि नावेतून नेऊन जुन्या धक्क्यापलीकडे बुडवायचं. आई म्हणाली होती, पोरगी घरात पहिली पदवी घेऊन आली आणि समुद्रात दगड टाकायला लागली. त्या दगडांवर समुद्राने आपणहून वस्ती करावी, कुणी खडक फोडू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. तू नावेतला वाटा सोडलास आणि म्हणालास, तू म्हणतेस तर करू. मी ते विसरलेले नाही.

वहिनीने विचारलं होतं, की टाकीत पाणी भरलं, मीठ घातलं, मग मासे का नाही सोडत. तिला सांग, नवीन टाकीतलं पाणी दिसायला स्वच्छ असतं पण कच्चं असतं. मासा जे टाकतो त्याचा अमोनिया होतो आणि तोच त्याचे कल्ले जाळतो. जिवंत दगडावर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषच. दुसरी जात त्याचं नायट्रेट करते, ते माशाला सोसतं. ही साखळी बसायला काही आठवडे जातात. ती बसली की टाकी पिकली, असं मी म्हणते. पिकण्याआधी मासे सोडणं म्हणजे त्यांना मारायला आणणं.

हे साहेबांना मी तीनदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. उद्घाटन जवळ आलंय आणि त्यांना रंगीत मासे हवेत. एका दुकानदाराला बोलावलं होतं. तो माशांच्या पिशव्या नाचवत म्हणाला, सोडा हो पाण्यात, मेले तर दुसरे देतो. मी त्याला दाराबाहेर काढलं. तेव्हापासून साहेब मला 'दगडवाल्या बाई' म्हणतात.

म्हणू देत. मी टाकीशेजारी लावायची पाटी लिहिली आहे. ऐक: 'या टाकीतला एकही दगड जिवंत खडकावरून फोडलेला नाही. माणसांनी समुद्रात ठेवलेल्या दगडांवर समुद्राने आपणहून वस्ती केली आहे.' खाली तुझं आणि वहिनीचं नाव घालणार आहे.

या खेपेने टाकीचा कोपरासुद्धा भरणार नाही, म्हणून हे दगड मी सध्या कोठीतल्या टबात ठेवलेत. उरलेले लवकर पाठव. पुढच्या वर्षी याच्या कितीतरी पट मोठी टाकी व्हायची आहे, आणि तिचे दगडही तुझ्याचकडून घ्यायचे असं कागदावर ठरलं आहे.

तुझी,
बारकी


२६ नोव्हेंबर

बारके,

पत्र पोचलं. दुसरी खेप पाठवतोय, हे पत्र झाकणाला आतून चिकटवलंय. खोकी फेकू नकोस, परत पाठव.

घमेल्याएवढे दगड खोक्यात नीट बसत नव्हते, वाटेत आपटतात. म्हणून फोडून तुकडे केलेत. फोडलेली बाजू खाली ठेव. पांढरी दिसते, बरी दिसत नाही.

आईचा गुडघा तसाच आहे. ती विचारते, दगड जिवंत आहे तर त्याला दोन वेळा काय खायला घालतेस, आणि त्याच्यापायी स्वतः जेवतेस की नाही. वहिनीने जिवाणूंचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे दगडाच्या अंगावर भांडी घासणाऱ्या बायका बसल्यात म्हण ना. मी म्हटलं तसंच काहीतरी.

तुझा साहेब दगडवाली म्हणतो तर म्हणू दे. लहानपणी मी तुला याहून वाईट नावं ठेवलीत, त्याने काही तू बुटकी राहिली नाहीस. पण त्या दुकानदाराशी भांडलीस ते बरं केलंस.

पाटीवर आमची नावं नकोत. वहिनीला आवडत नाही असलं. मलाही नाही. आणि सगळ्या दगडांचं एवढं मोठ्याने कशाला लिहायचं? दगड टाकी पिकवतात, तुझं काम होतंय, झालं.

अक्षर वाकडं आलंय. उजव्या हाताला लागलंय, बोटं नीट मिटत नाहीत. विशेष काही नाही. मोठ्या टाकीचं नक्की आहे ना ते कळव, म्हणजे इकडे पुढचं ठरवता येईल.

दादा


१८ डिसेंबर

प्रिय दादा,

आधी रागाचं सांगते, मग आनंदाचं.

दुसरी खेप टाकीत रचली. तू म्हणालास तशी फोडलेली बाजू खाली ठेवली. दोन भिंती, मध्ये गुहा, वर सपाट माथा. मग रोज पाण्याची परीक्षा. थोडंसं पाणी नळीत घ्यायचं, रसायनाचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पहिल्यांदा अमोनिया असा चढला की नळी गडद हिरवी झाली. प्रवासात दगडावरचं जे मेलं होतं ते कुजत होतं. मग तो उतरायला लागला आणि नायट्राइट चढलं. म्हणजे साखळीची पहिली कडी बसली. काचेवर तपकिरी शेवाळ आलं. हे सगळं व्हायलाच हवं असतं. साहेब आले, बघितलं आणि म्हणाले, हे गटार मी पाहुण्यांना दाखवू? मी म्हटलं, पाहुण्यांना थांबायला सांगा. ते तरातरा निघून गेले.

सोमवारी कामावर आले तर टाकीत तीन निळे मासे. माझ्या सुट्टीच्या दिवशी त्याच दुकानदाराला बोलावून साहेबांनी ते सोडले होते. दोन मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. तिसरा पंपामागे आडवा पडलेला. मी दोघांना जाळीने काढलं आणि कोठीतल्या टबात नेऊन सोडलं. तुझी पहिली खेप तिथे केव्हाची पिकली होती, म्हणून ते वाचले. मेलेला मासा कागदावर ठेवून मी साहेबांच्या खोलीत गेले आणि तो त्यांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवला. ते म्हणाले, एका माशासाठी एवढं? मी म्हटलं, पुन्हा असं झालं तर टाकीची किल्ली घ्या आणि माझा राजीनामाही घ्या. माझा आवाज चढला होता. व्हरांड्यातले लोक थांबून ऐकत होते.

त्यांनी मला काढलंच असतं. पण त्या आठवड्यात एक वार्ताहर बाई केंद्र बघायला आल्या. टाकीत अजून एकही मासा नव्हता, म्हणून त्यांनी पाटी वाचली. मला शंभर प्रश्न विचारले आणि छापून आणलं. कात्रण सोबत आहे, आईला दे. तेव्हापासून फोन येताहेत, शाळांची पत्रं येताहेत. साहेब आता प्रत्येकाला सांगतात, खडक फोडायचा नाही हे आमचं पहिल्यापासूनचं धोरण. माझं वाक्य चोरलं म्हणून मला राग आला, पण मग म्हटलं, वाक्य खरं आहे ना, मग कुणीही म्हणो. लाकडी पाटी काढून ते आता पितळेची करून घेताहेत. अक्षरं कोरलेली.

उद्घाटन दहा जानेवारीला आहे. तू आणि वहिनीने यायचंच. पाटीवर नाव नको म्हणालास, ते तुझ्या स्वभावाला धरून आहे, पण पाटीशेजारी उभं राहायला काय हरकत आहे? माझ्या कॉलेजात सगळ्यांचे आईवडील यायचे आणि आपले कुणी आले नाहीत, कारण तुम्हाला वाटायचं तिथे काय बोलायचं. इथे काही बोलायचं नाही. नुसतं उभं राहायचं आणि लोकांनी म्हणायचं, हे त्यांनी केलं.

हात कसा आहे?

बारकी


२७ डिसेंबर

बारके,

येणं जमणार नाही. इंजिन उघडून ठेवलंय. वहिनीही नाही येणार, आईला एकटी टाकून कुठे जाणार.

कात्रण आईने दहा घरी दाखवलं. मला तर त्यातली ओळन् ओळ पाठ झाली.

तुला काय बोलायचं ते बोल, त्यात मला उभं करू नकोस. मी दगड पाठवले, माझं काम संपलं. आणि पितळेची पाटी कशाला? लाकडाची काय वाईट होती. लाकडावरचं पुसता तरी येतं.

मोठ्या टाकीचं कळवलं नाहीस.

दादा


२ जानेवारी

दादा,

काल पंपापुढचा मोठा दगड उचलला. पाण्याचा झोत अडत होता, म्हणून थोडा फिरवायचा होता. हातात उलटा झाला आणि फोडलेली बाजू वर आली.

आपण घमेल्यात सिमेंट घातलं होतं, वाळू आणि शिंपले घातले होते. फोडलेल्या बाजूला ते दिसायला हवेत. एकही शिंपला नव्हता. सिमेंट नव्हतं. होत्या त्या चांदण्या. एकीला एक लागून, टाचणीच्या डोक्याएवढ्या, हजारो. दादा, ते प्रवाळाचं हाड आहे. एकेक चांदणी म्हणजे एका जिवाचं घर. हे मी तीन वर्षं शिकले, सूक्ष्मदर्शकाखाली चित्रं काढून काढून शिकले. तुला वाटलं असेल की दगड आतून दगडासारखाच असतो. फोडलेली बाजू खाली ठेव म्हणालास आणि मी ठेवली. शहाणी पदवीधर.

मग मी सगळे उलटले. बाह्या खांद्यापर्यंत भिजल्या, थांबले नाही. त्या खेपेतला एकही दगड घमेल्याचा नाही. सगळ्यांत चांदण्या आहेत. दोन दगडांवर छिन्नीचे ओरखडे आहेत, तिसऱ्यावर लोखंडाचा गंज. तुझ्या हाताला काय लागलं ते मला आता कळलं.

कुठला खडक? धक्क्यापलीकडचा उथळ खडकच ना? दुसरा कुठला इतका जवळ नाही. हाताच्या ओंजळीएवढा तुकडा वाढायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं तिथे. फोडायला बंदी आहे हे मीच तुला सांगितलं होतं, आणि बंदी नसती तरी फोडू नये म्हणून तर आपण सगळं आरंभलं होतं. तू माझ्याशी खोटं बोललास. त्याहून वाईट म्हणजे तू मला खोटं बोलायला लावलंस, आणि मी ते पितळेत कोरून घेतलं. शाळेतल्या मुली ती पाटी वहीत उतरवून घेतात. मी शेजारी उभी राहून त्यांना समजावून सांगते.

आणि टाकी पिकली आहे. काल अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. टबातले दोन निळे मासे आणून सोडले, कसे तुरुतुरु फिरताहेत. उत्तम पिकली आहे. खडक फोडून आणलेल्या दगडांनी पिकली आहे. मी त्या माशांकडे बघू शकत नाही.

फोन करू नकोस. फोनवर तू ओरडशील, मी रडेन आणि दोघांनाही वाटेल की बोलणं झालं. लिही. का केलंस ते लिही.

बारकी


५ जानेवारी

बाईसाहेब,

लिहितो. वाच.

मागच्या पावसाळ्यानंतर नव्या बंदरासाठी समुद्राचा तळ उपसायला घेतला. दिवसरात्र गाळ येत होता. आपले दगड त्याखाली गेले. मी बुडी मारून हाताने गाळ काढायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. वर काढले तर काळे पडलेले, कुजक्या अंड्यासारखा वास. तुला पहिल्या खेपेत पाठवले तेवढेच वाचले होते. बाकी सगळे मेले. वहिनीच्या भाषेत सांगायचं तर त्यांच्या अंगावरच्या भांडी घासणाऱ्या बायका मेल्या.

तुला का नाही सांगितलं? सांगणार होतो. पहिल्या खेपेबरोबर पत्र लिहिलं होतं, पाठवलं नाही. मग तुझं पत्र आलं, त्यात पाटी. पुढचं आलं, त्यातही पाटी. मग पितळेची पाटी. माझ्या हाताचं विचारलंस तेही पाटीच्या खाली, शेवटच्या ओळीत. मी नावेतला वाटा कुणाच्या सांगण्यावरून सोडला? आता दुसऱ्याच्या नावेवर मजूर म्हणून जातो, जेव्हा बोलावतात तेव्हा. इंजिन उघडून ठेवलंय म्हणालो ना, ते इंजिन माझं नाहीच. तू वर्षातून एकदा येतेस, समुद्राकडे बघून सुंदर आहे म्हणतेस आणि जातेस. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

खडक फोडला. हो. उथळच. वहिनी नावेत बसून खोकी धरत होती आणि रडत होती, हेही लिहून घे. मला काय खडक माहीत नाही? तुला पोहायला तिथेच शिकवलं. फोडताना मला बरं वाटलं असेल असं तुला वाटतं का?

तू शिकलीस, आम्हाला आनंद झाला. आई अजून तुझं प्रमाणपत्र पाहुण्यांना दाखवते. पण घरात एक जण शिकला म्हणजे बाकीच्यांनी जन्मभर परीक्षा द्यायची का? आणि पेपर तपासणार तू. बहीण म्हणून कधी विचारलंस का, की दादा, जमतंय का रे तुला?

आता ऐक. त्या दगडांमुळे तुझी टाकी पिकली, मासे जगले, साहेब गप्प बसला. दगड उलटून कोण बघणार आहे? नाकाने कांदे सोलू नकोस. गप्प बस. तेवढं जमत नसेल तर दगड परत पाठव, मी होते तिथे नेऊन ठेवतो. पण मोठ्या टाकीची ऑर्डर हातची घालवू नकोस. त्यावर मी दुसऱ्या जागी, गाळ नाही तिथे, घमेल्याचे दगड पुन्हा टाकू शकेन. या वेळी खरे. माझ्यावर नसेल तर आईवर दया कर.

दादा


११ जानेवारी

दादा,

हे पत्र टपालाने पाठवतेय. खोकी अजून इथेच आहेत आणि आता इतक्यात परत येणारही नाहीत.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पहिल्या वाचनात इतका राग आला की ते टेबलावर आपटून मी खोलीबाहेर गेले. खाली रस्त्यावर उगाच दोन चकरा मारल्या आणि परत येऊन पुन्हा वाचलं. मी विचारायला हवं होतं. जमतंय का, हे विचारायला मला सुचलं नाही, कारण तुला सगळं जमतं असं मी लहानपणापासून धरून चालले आहे. तेवढं तुझं खरं. पण त्यावर तू जे उभं केलंस ते खोटं आहे, आणि एक खरं वाक्य पुढे करून त्यामागे दहा खोटी उभी करायची ही रीत मी रोज साहेबांकडे बघते. तुझ्याकडे बघायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

दगड परत पाठव म्हणालास. ते होत नाही. टाकीत एकदा गेलेलं पुन्हा समुद्रात टाकत नाहीत. हे निळे मासे कुठल्या लांबच्या समुद्रातले, त्यांचे रोग, त्यांच्या अंगावरचे किडे आता त्या दगडांच्या भोकाभोकांत शिरले असतील. ते परत ठेवलेस तर उरलेला खडकही जाईल. आणि रोग नसता तरी, छिन्नीने तोडलेलं कशाने चिकटवणार होतास? तुला खरंच वाटलं का, की फोडणं म्हणजे उसनं आणणं?

उद्घाटनाच्या आधी मी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले नाहीत. खुर्चीत मागे रेलून ते म्हणाले, "बाई, लोक पाटी वाचायला येतात. दगड उलटायला नाही." दादा, जवळजवळ तेच वाक्य तुझ्या पत्रातही होतं. माझा सख्खा भाऊ आणि हा माणूस. मग ते मला समजवायला लागले: टबातले काही दगड तर खरेच आहेत ना, तेही टाकीत घाला, म्हणजे पाटी अगदीच खोटी नाही. आणि पुरवठादार तुमचाच भाऊ आहे, तेव्हा सांभाळून घेण्यात तुमचंच भलं आहे. मी उठून बाहेर आले. त्यांना वाटलं मला पटलं.

काल सकाळी मी लवकर गेले. प्लंबर पंप बघायला आला होता, त्याच्याकडून पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पितळेची पाटी काढली. चार स्क्रू होते, चौथा झिजलेला, तो काढताना नख तुटलं. प्लंबर म्हणाला, ताई, पाटीवर कसला राग? मी म्हटलं, मीच लिहिली होती. मग तिथे फळी लावली. रंगाने, माझ्या हाताने लिहिलेली:

'या टाकीतले दगड जिवंत खडकावरून फोडून आणलेले आहेत. ते मी मागवले. ते परत लावता येत नाहीत. ते जिवंत आहेत, म्हणून सांभाळले जातील.'

खाली माझं नाव आणि माझं पद.

प्रमुख पाहुणा भला माणूस होता. फीत कापली, टाकीपाशी आला आणि त्याने सवयीने माइक तोंडाशी धरून पाटी मोठ्याने वाचली. 'फोडून' या शब्दापर्यंत हसत होता. मग हसू थांबलं, पण त्याने शेवटपर्यंत वाचली. साहेबांच्या मानेवरची शीर मला मागून दिसत होती. पाहुण्याने विचारलं, फोडले कुणी? मी म्हटलं, ज्याच्याकडे मी मागितले त्याने, आणि त्याला काय सोसावं लागेल हे मी विचारलं नाही. त्याने माइक खाली ठेवला. मागे एक शाळेची रांग होती, त्यातल्या बाईंनी मुलींना पुढे आणलं आणि मी त्यांना सगळं सांगितलं, चांदण्यांपासून गाळापर्यंत. एका मुलीने विचारलं, मग तुम्ही चांगल्या की वाईट? तिच्या बाईंनी तिला दटावलं. मी म्हटलं, विचारू द्या.

तुझं नाव मी सांगितलेलं नाही. पण उद्या कुणी रीतसर विचारलं तर खोटं सांगणार नाही, हे तुला आजच कळवते. तेव्हा कुणी विचारायला येण्याआधी तू स्वतः वनखात्यात जाऊन सांग. गाळाचंही सांग. बंदरवाल्यांनी मारलेले दगड आणि तू फोडलेला खडक, दोन्ही एकाच कागदावर येऊ देत. तुला एकट्याला का म्हणून खाली मान घालायला लावायची? अर्ज लिहायला मी येईन. माझी सही त्यावरही असेल. पण तो तू नेऊन द्यायचा.

आईला मी आज फोन केला. तू सांगण्याआधी सांगितलं, कारण तू सांगितलं नसतंस. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, त्याला म्हणावं जेवायला घरी ये, आणि तू पण. ती कुणावर रागावली आहे ते मला कळलं नाही. बहुतेक दोघांवर.

आता शेवटचं. मोठी टाकी होणार आहे, साहेब ती सोडणार नाहीत. ती आता कोरड्या दगडांवर पिकवायची, समुद्रातल्या नाही. तुझे घमेल्याचे खरे दगड टबात आहेत, त्यांचे बारके तुकडे कोरड्या दगडांमध्ये ठेवायचे, म्हणजे वस्ती हळूहळू त्यांच्यावर सरकते. वर्ष लागेल. साहेबांना मी सांगितलं, एवढं थांबायचं नसेल तर दुसरी बाई शोधा. ते अजून शोधताहेत.

यात तुझी ऑर्डर बसत नाही. तू म्हणशील, या वेळी खरे टाकले असते. टाकलेही असतेस. पण ज्या टाकीसाठी एकदा खडक फुटला, तिच्यासाठी तुझ्याकडून पुन्हा दगड घेणारी मी असू शकत नाही, कारण मी त्या खोक्यातला प्रत्येक दगड उलटून बघेन आणि तुला ते माहीत असेल. असं भाऊ-बहिणीने जगायचं? तू म्हणशील, मला विचारलं का नाहीस. विचारलं असतं तर तू आईचा गुडघा सांगितला असतास आणि मी ऐकलं असतं.

म्हणून विचारलं नाही. आज सकाळी मोठ्या टाकीच्या दगडांची ऑर्डर मी रद्द केली. कागदावर सही करून शिक्का मारून घेतला. साहेबांनी विचारलं, पुरवठादाराला कळवलंत का. मी म्हटलं, कळवते.

हे ते कळवणं.

बारकी